आटणीला आलेला इराणचा राजा

गंगाखेडला मी पोचलो तेव्हा माझं वय सत्तावीस होतं आणि चांदीशिवाय मला दुसरं काही येत नव्हतं. शाळा सहावीत सुटली. कुणी काढलं नाही, मीच जायचा बंद झालो. घरात भट्टी पेटलेली असायची आणि हात कमी पडायचे. आमच्या हुपरीत घरटी पैंजणाचं काम चालतं. तिथला माणूस एक तर घरात बसून पैंजण करतो, नाहीतर पैंजणाची पेटी घेऊन मुलखावर विकायला जातो. मी तिसरंच केलं. गंगाखेडचे एक सराफ माल घ्यायला आमच्याकडं यायचे. त्यांना दुकानात बसून आटणी आणि घडाई दोन्ही करील असा कारागीर पाहिजे होता. मी हो म्हणालो. का म्हणालो ते आज नीट सांगता येणार नाही. घरी दोन भाऊ होते, दोघांची लग्नं झालेली, माझंही झालेलं, आणि भट्टी एकच. मिरजेहून छोट्या रेल्वेनं लातूर आणि तिथून एस.टी., असा दीड दिवस लागला. बायको आणि लहान मुलगी मागं राहिल्या. जम बसला की नेतो, असं सांगून आलो होतो. जम बसणं म्हणजे नक्की काय, हे ना तिला माहीत होतं ना मला.

शेठ माणूस चांगला. कधी घालूनपाडून बोलले नाहीत. दुकानामागची खोली राहायला दिली, सणाला घरी जेवायला बोलावलं. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. पण गावात मला नाव नव्हतं, सगळे 'कोल्हापूर' म्हणायचे. कोल्हापूर, जरा वजन बघ. कोल्हापूर जेवलं का? माझ्या बोलण्याचीही मजा व्हायची. आमच्याकडं 'पण' म्हणायच्या जागी 'खरं' म्हणतात. "करतो, खरं उशीर लागंल," असं मी म्हटलं की शेठ गिऱ्हाइकाकडं बघून म्हणायचे, "आता ह्यातलं खरं किती ते तुम्हीच ठरवा." सगळे हसायचे, मीही हसायचो. मग हळूहळू मी बोलायचंच कमी केलं. बोलणं कमी झालं की माणूस काळजी जास्त करतो. आटणी झाली की मी राख दोनदा चाळायचो, वजन तीनदा करायचो, आणि तरीही रस्त्यात दोन माणसं थांबून बोलताना दिसली की वाटायचं, आपलंच काहीतरी निघालं.

माझ्या खोलीला लागून एका निवृत्त मास्तरांचं घर होतं. गाव त्यांना फारशी मास्तर म्हणायचं. निजामाच्या अमलात ते शाळेत फारशी शिकवायचे. सकाळी संध्या करायची, जानवं सदऱ्याच्या आत सारायचं आणि फारशीच्या तासाला जायचं, असा त्यांचा क्रम होता. निजाम गेला, त्याच्यामागं फारशीही गेली. मास्तरांना कुणी काढलं नाही, भूगोल दिला. ते सांगायचे, नकाशात इराण आला की मी तिथंच आठवडाभर मुक्काम करायचो. पोरं पुढं जायला तयार असायची, मीच नसायचो. आता घरात फारशी बोलायला कुणी नव्हतं. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, ते कधीमधी एखादं वाक्य ऐकवायचे आणि काकू म्हणायच्या, समजलं, चहा पाहिजे.

पहिल्याच वर्षी मला मुदतीचा ताप आला. खोलीत एकटा पडून होतो. तिसऱ्या दिवशी शेजारून काकूंनी मऊ भाताची वाटी पाठवली आणि ताप उतरेपर्यंत ती वाटी एक दिवस चुकली नाही. मास्तर संध्याकाळी येऊन उशाशी बसायचे. माझ्या घरी पत्र त्यांनीच लिहिलं. काय लिहू, असं विचारलं, मी म्हणालो, बरा आहे म्हणून लिहा. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि तसं लिहिलं. त्या वाटीचं काही देणं लागत नाही असं काकू म्हणायच्या. पण माझ्या मनातून ती कधी गेली नाही. ह्या माणसासाठी आपल्याला काही करता आलं पाहिजे, एवढं एकच मला त्या गावात वाटायचं.

मास्तरांचा एक छंद होता. हैदराबादचं राज्य गेल्यावर तिथलं चलन, म्हणजे हाली सिक्का, बंद झालं. लोकांनी हालीचे रुपये थैल्या भरभरून आटणीला आणले. त्या ढिगांत फार जुनी नाणीही निघायची आणि तीही चांदी वितळवायच्या मुशीत जायची. तेव्हापासून मास्तरांनी एक वही केली होती. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल हलकी फिरवली की खालचा ठसा कागदावर उमटतो. तसा ठसा घ्यायचा, खाली लिहायचं नाणं कुठलं आणि कुणाकडून आलं, आणि नाणं ज्याचं त्याला परत. मला नाणं नको, त्याची हजेरी पाहिजे, असं ते म्हणायचे. मी आल्यापासून जुनं नाणं दिसलं की गिऱ्हाइकाला विचारून मास्तरांना हाक मारायचं काम माझं झालं. शेठ म्हणायचे, एकाचं कुणी ऐकत नाही, दुसऱ्याशी कुणी बोलत नाही. बरी जोडी जमली.

एकदा आटणीत एक जाडं, ओबडधोबड चांदीचं नाणं आलं. एका बाजूला रेघा आणि ठिपके, दुसऱ्या बाजूला नुसता रेघांचा ढीग. लोक त्याला गधैया म्हणतात. कुणाला त्यात गाढवाचं तोंड दिसतं. मलाही तेच दिसलं. मास्तर म्हणाले, "गाढव नाही रे, बादशहा आहे. फार लांबून आलाय. वाटेत चेहरा झिजला."

मग त्यांनी सांगितलं ते असं. इस्लाम यायच्या आधी इराणात एक घराणं चारशे वर्षं राज्य करत होतं. त्यांचं चांदीचं नाणं पापडासारखं पातळ आणि रुंद, वजन चार ग्रॅमच्या आसपास, आणि एवढ्या पिढ्यांत ते वजन त्यांनी फारसं हलू दिलं नाही. सोन्याचं नाणं पाडायचे ते मिरवायला, तांब्याची चिल्लर बाजारापुरती. सैन्याचा पगार चांदीत. शेतकऱ्याच्या हातात ती चांदी क्वचित यायची, तो आपलं धान्य मोजून द्यायचा. नाण्याच्या एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला पेटलेलं अग्निकुंड आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन राखणदार. नवा राजा गादीवर आला की त्याच्यासाठी नवा मुकुट ठरायचा आणि तोच नाण्यावर यायचा. ज्याला वाचता येत नाही त्यालाही मुकुट बघून कळावं की आता कुणाचं राज्य आहे. मी कारागीर, मला ठसा कसा मारत असतील ह्याचीच उत्सुकता. मास्तरांनी दोन वाट्या उपड्या-सुलट्या धरून दाखवलं: खाली एक ठसा, वर एक ठसा, मधे चांदीची चकती, आणि वरून हातोडा.

त्या घराण्यातला एक राजा हूणांशी लढायला गेला आणि पकडला गेला. सुटका पाहिजे तर तीस खेचरांवर लादतील एवढी चांदीची नाणी दे, असं ठरलं. राजाला वीस खेचरांपुरतीच जमली. उरलेल्या दहांसाठी त्यानं आपला मुलगा हूणांकडं ठेवला आणि स्वतः घरी गेला.

मास्तर पुढं सांगत गेले. हूणांना ती नाणी इतकी पसंत पडली की त्यांनीही तशीच पाडायला घेतली. तिथून ती राजस्थान-गुजरातेत उतरली, आणि ठिकठिकाणच्या कारागिरांनी राजाकडं न बघता हातातल्या नाण्याकडं बघून नवा ठसा कोरला. नाकाची रेघ झाली, डोळ्याचा ठिपका झाला, अग्निकुंडाचा काटक्यांचा ढीग झाला. आपला द्रम्म, आपला दाम, दमडी, सगळे त्या इराणी नाण्याच्या नात्यातलेच, असंही ते म्हणाले. मी मान हलवत होतो, पण माझं मन मागंच त्या पोरापाशी राहिलं होतं. त्याचं पुढं काय झालं, मी विचारलं. दोन वर्षांनी परत आला, मास्तर म्हणाले, पुढं राजाही झाला. दोन वर्षं तो तिथं काय खात असेल, कुणाशी बोलत असेल, असं मी विचारलं तेव्हा मास्तरांनी नाणं उलटं करून बघितलं.

"ते नाण्यावर येत नाही," ते म्हणाले.

गधैयाचे पाच-सहा ठसे मास्तरांच्या वहीत होते. त्यांच्या आधीचं एक पान कोरं होतं. त्या पानावर त्यांना ज्याची ही सगळी नक्कल, ते त्या खेचरांवाल्या राजाचं मूळ इराणी नाणं पाहिजे होतं. हैदराबादला एका पुस्तकातून त्यांनी त्याचं चित्र उतरवून आणलं होतं: मुकुटाला दोन्ही बाजूंना पंख, वर चंद्रकोर, भोवती बारीक मण्यांचं कडं. ते चित्र त्यांनी मला इतक्या वेळा दाखवलं की मी डोळे मिटून काढलं असतं. आपल्या भागात ते सापडणं अवघड, हे त्यांनाही माहीत होतं. पण पान त्यांनी कोरं ठेवलं होतं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. एका बाजारच्या दिवशी राणीसावरगावची एक साठीची बाई दुकानात आली. जयभीम घालून बसली आणि पदराखालून पितळेची डबी काढून शेठपुढं ठेवली. डबीत देवघरातले टाक होते, चांदीच्या पत्र्यावर उठवलेले देव, पूजेनं घासून गुळगुळीत झालेले. हे आटवून नातीला वाळे करा, ती म्हणाली.

आमच्या धंद्याची एक रीत आहे. देवाची चांदी वेगळ्या मुशीत आटवायची आणि तिचा पुन्हा देवच करायचा. शेठ खाली बघत म्हणाले, "माय, देवाची चांदी पोरीच्या पायात?"

"पायातच पाहिजे," ती म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. धम्मदीक्षेच्या साली तिच्या नवऱ्यानं घरातले देव गोळा करून इथंच गंगेत, म्हणजे गोदावरीत, सोडले होते. आपलं घर मोकळं झालं, असं तो मरेपर्यंत सगळ्यांना सांगायचा. गेल्या महिन्यात सासू वारली, आणि बियाण्याच्या मडक्यात तळाशी ही डबी निघाली. म्हातारीनं त्याआधीच हे देव डबीत भरून वेगळे काढून ठेवले होते. बाईचा मुलगा तिकडं शाळेत शिकवायचा, तो म्हणाला नदीत टाकू. बाई म्हणाली, नदीत एकदा टाकलेत, परत आले. आता डोळ्यादेखत आटले पाहिजेत.

शेठनी डबी माझ्याकडं सरकवली आणि स्वतः पाठ फिरवून तराजू पुसत बसले. मी भट्टी फुलवली. बाई माझ्यापासून तीन हातांवर बसली. मी एकेक टाक उचलून मुशीत सोडत गेलो. सगळ्यात शेवटी डबीच्या तळाला एक पातळ चकती राहिली होती. ती उचलली तेव्हा माझ्या बोटांना आधी समजलं आणि डोळ्यांना मागून. पंख होते. चंद्रकोर होती. मण्यांचं कडं एका बाजूला झिजलेलं, पण नाक नाकासारखं, डोळा डोळ्यासारखा.

"ह्याला आमी थोरला म्हणायचो," बाई मागून म्हणाली. "घरातला मूळ माणूस. सासूच्या सासूपासून हाय."

तेव्हा मी विचारायला पाहिजे होतं. मावशी, हे एक नाणं मास्तरांना दाखवून आणू का, एवढंच. रोज मी गिऱ्हाइकाला विचारत होतो. पण तिच्या चेहऱ्याकडं बघून मला वाटलं, ही नाही म्हणेल. नाही म्हणाली तर पुन्हा कधी विचारता येणार नाही. माझ्या स्वतःच्या डबीत चांदीचा एक तुकडा होता, हातात तोलून बघितला तर तेवढाच भरत होता. मी भट्टीकडं तोंड करून बसलो, तुकडा मुशीत गेला, थोरला माझ्या मुठीत राहिला. वजनाला वजन गेलं, तिचं काही कमी झालं नाही, असं मी मनाला सांगितलं. वर सवागी, म्हणजे टाकणखार, टाकली, भाता मारला, चांदी एकजीव झाली आणि साच्यात ओतली.

"आटले का समदे?" तिनं विचारलं.

मी हो म्हणालो. तिनं केवढा तरी मोठा श्वास सोडला. वाळे पुढच्या बाजारी घेऊन जाते, असं शेठला सांगून ती उठली. जाताना हलकी होऊन गेली, हे मला दिसलं. ते दिसलं नसतं तर बरं झालं असतं.

दुकान बंद झाल्यावर मी मास्तरांकडं गेलो आणि नाणं त्यांच्या वहीवर ठेवलं. त्यांनी भिंग घेतलं. ते दोन्ही हातांनी धरून नाण्यावर वाकले. मग काकूंना हाक मारली. काकू पदराला हात पुसत आल्या, त्यांनीही बघितलं आणि म्हणाल्या, हाच का तो तुमचा जावई, इतक्या वर्षांनी आला? मास्तर हसले. एवढे हसलेले मी त्यांना कधी बघितले नव्हते. कडेची अक्षरं मात्र त्यांना वाचता येईनात. मला फारशी येते, ही फारशीच्या पणजोबाची लिपी आहे, असं म्हणून तेही हसण्यावारी नेलं. आजाऱ्याला दिलेल्या त्या वाटीची मला आठवण झाली आणि मी पहिल्यांदाच त्या घरात सैल होऊन बसलो.

मग त्यांनी कोरं पान उघडलं. पेन्सिलीला टोक केलं. आणि सवयीनं विचारलं, कुणाकडून आलं?

मी सांगितलं. त्यांच्याशी खोटं बोलणं मला जमलं नसतं. सांगताना वजनाला वजन घातल्याचं दोनदा सांगितलं. मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली.

"तिला माहीत आहे?"

"नाही."

काकू उठून आत गेल्या. मास्तरांनी कागदाच्या तुकड्यात नाण्याची पुडी केली आणि माझ्यापुढं सरकवली. वीस वर्षं थांबलो, आणखी आठ दिवस थांबतो, ते म्हणाले. बाजारी ती आली की तिला सांग, आणि ती काय म्हणते ते ऐक. तोवर हे माझ्या घरात नको. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मी पाया पडून मोकळा झालो असतो.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. वाळे करायला घेतले, ते एकदा मोडून पुन्हा केले. पुडी सदऱ्याच्या आतल्या खिशात असायची. शेठनी नुसती हाक मारली तरी हात खिशाकडं जायचा. मास्तर आले नाहीत, मीही त्यांच्याकडं गेलो नाही, आणि मग दिवसभरात कुणाशी बोलायचं हा प्रश्नच उरला नाही. दुपारी शेठ जेवायला गेले की मी पुडी सोडून त्या राजाकडं बघायचो. मागं पोरगं ठेवून घरी गेलेला माणूस. घरी पोचल्यावर लोकांना त्यानं काय सांगितलं असेल? आपण घरी काय सांगितलंय, तेही आठवायचं. बरा आहे म्हणून लिहिलंय.

बाजारच्या दिवशी मास्तर सकाळीच दुकानात येऊन बसले. वही बरोबर होती. शेठ जेवायला घरी गेले आणि थोड्याच वेळानं बाई आली. मी वाळे तिच्या हातात दिले. तिनं ते बोटात अडकवून फिरवून बघितले, चांगले झालेत म्हणाली. मग मी पुडी तिच्यापुढं ठेवली. आठ दिवस जुळवलेलं बोलणं तोंडातून तुकड्यातुकड्यानं आलं, पण आलं.

तिनं पुडी सोडली. थोरल्याकडं बघितलं. तिचा चेहरा बदलला नाही, आवाजही चढला नाही.

"माझ्या सासूनं माझ्या मालकाला फसवलं. तुमी मला फसवलं. असं हाय तरी काय ह्याच्यात?"

मास्तर पुढं सरकले. बाई, चूक ह्याची आहे, पण माझ्यापायी झालेली आहे, असं म्हणून त्यांनी तो कोण आहे ते सांगितलं. इराणचा राजा, त्याचा मुकुट, मागचं अग्निकुंड. "तुमच्या घरात कसा आला ते देव जाणे," असं ते शेवटी बोलून गेले.

"देवाला इचारायचं न्हाई, म्हणून तर आटवायला आणला," बाई म्हणाली.

मास्तर ओशाळून हसले. मग शाळेत समजावतात तसं समजावू लागले. हा देव नव्हताच कधी, तेव्हा ह्याला आटवायचं कारणच उरत नाही. ती ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "राजा असू द्या. माझ्या सासूनं ह्याच्यापुढं डोकं टेकवलं. म्यापण टेकवलंय, नवी नवरी व्हते तवा."

मास्तरांनी आणखी एक करून बघितलं. तिकडंही राज्य बदललं, नवा धर्म आला, तरी नव्या लोकांनी पुढं चाळीस-पन्नास वर्षं त्याच जुन्या राजांच्या तोंडाची नाणी चालवली; कडेला फक्त आपले दोन शब्द घातले.

"त्यांनी चालवली," ती म्हणाली. "आमाला न्हाई चालवायची."

मास्तर मागं सरकले. वहीवर दोन्ही हात ठेवून बसले. मला वाटलं, आता उठून जातील. पण ते म्हणाले, बरोबर आहे बाई. आणि मग, आयुष्यभर दुसऱ्याला परवानग्या दिलेला तो माणूस अगदी हळू आवाजात म्हणाला, आटवायच्या आधी मला थोडा वेळ बघू द्याल का? कागदावर ठसा घेऊ द्याल का?

"बघा की. बघितल्यानं काय झिजायलाय?"

मास्तरांनी भिंग लावलं. बाहेर बाजार चालला होता, एस.टी.चे कर्णे वाजत होते, आणि आम्ही तिघं त्या चकतीभोवती बसलो होतो. बाईनं वाळे मांडीवर ठेवले आणि घाई केली नाही. मास्तरांनी दोन्ही बाजू बघितल्या, मग नाण्यावर कोरं पान धरून पेन्सिल फिरवायला लागले. आधी मणी आले, मग एक पंख, मग दुसरा, मग नाक. बाई वाकून बघत होती.

"दिसायला बरा व्हता," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "ह्याच्याखाली काय लिवायलाव?"

मास्तरांनी सांगितलं, इराणचं नाणं, राणीसावरगावच्या एका बाईकडून. तिनं मान हलवली. तेवढ्यानं भागत न्हाई, म्हणाली. मी सांगते तसं लिवा.

"लिवा. राणीसावरगावच्या एका घरात ह्याला थोरला म्हणून पुजलं. कोण कुणाचा, कुणाला ठावं नव्हतं. घरानं देव सोडले तवा म्हातारीनं ह्याला दडवला. सुनेनं आटवला. कोण हाय ते समजल्यावर आटवला."

मास्तरांनी ती बोलली तसं, तिच्याच शब्दांत उतरवलं. तिनं वही त्यांच्या हातातून घेतली आणि माझ्याकडं दिली. "तुमी वाचा. ह्यांनीच लिवलं अन् ह्यांनीच वाचलं तर मला काय कळंल?"

सहावीनंतर कुणी मला मोठ्यानं वाचायला सांगितलं नव्हतं. मी बोट ठेवून वाचलं. 'दडवला'पाशी अडखळलो, पुन्हा वाचलं. ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, हां. आता घ्या आटवायला.

मी भट्टी फुलवली. नाणं रिकाम्या मुशीत एकटंच ठेवलं. ह्या वेळी बाई उठून माझ्या खांद्याशी येऊन उभी राहिली, धग लागत होती तरी. पातळ नाणं शेवटपर्यंत आपला आकार धरून ठेवतं. लाल झालं तरी पंख दिसत होते. मग कड चमकली, आत गोळा झाली, आणि मुशीच्या तळाला हरभऱ्याएवढा एक थेंब राहिला. मास्तर खुर्चीतून उठले नाहीत. ते वहीकडं बघत होते.

चांदी गार झाल्यावर मी तो रवा तिच्यापुढं ठेवला. तिनं विचारलं, वाळ्यात तुमचा तुकडा किती गेला? मी म्हणालो, राहू द्या. एकदा मिसळलेली चांदी वेगळी काढता येत नाही, हे तिलाही माहीत असणार. तुमचं आमच्यात गेलं, आमचं तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या, असं म्हणून तिनं रवा माझ्याकडं ढकलला. मास्तरांना म्हणाली, "येते गुरुजी." मास्तर उभे राहिले आणि त्यांनी तिला हात जोडले.

तिची पिशवी जड होती, बाजार केलेला. मी ती घेऊन स्टँडपर्यंत गेलो. बाई पुढं चालत होती. गाडी लागली तेव्हा पिशवी घेताना म्हणाली, "शेटला सांगू नका म्हणून तुमी म्हणला न्हाईत. म्हणून न्हाई सांगत." मग विचारलं, गाव कुठलं, घरी कोण आहे. मी सांगितलं, बायको आहे, मुलगी आहे, वाळ्यांच्या वयाची नाही आता, शाळेत जाते.

"मग त्यांना आणा इकडं, न्हाईतर तुमी जा," ती म्हणाली. "एकट्या माणसाला दुसऱ्याचं घर लय दिसतंय."

मी मान हलवली. त्यांना आणायला पुढं आणखी दोन वर्षं गेली.

परत आलो तेव्हा मास्तर घरी गेले होते. भट्टी अजून गरम होती, रवा पाटावर होता. त्यावर आता काहीच नव्हतं, तो कुठल्याही चांदीसारखा दिसत होता. शेठ आले, टोपी खुंटीला अडकवली आणि विचारलं, राणीसावरगावची बाई येऊन गेली का, वाळे पसंत पडले का. पडले, मी म्हणालो. त्यांनी आणखी काही विचारलं नाही, आणि मी दुपारच्या कामाला बसलो.